गाड्याला बांधलेलं लग्न

माझं लग्न दोन वर्षं चार बैलांच्या पायात अडकून पडलं होतं. हे बैल आमचे नव्हते. आम्ही जैन, पिढीजात दुकानदार. आमच्या घरी शेत नव्हतं, दावण नव्हती, आणि बैलाची शेपटी धरायची कोणत्या बाजूनं हेही कुणाला माहीत नव्हतं. तरीही माझ्या वडिलांनी, म्हणजे बापूजींनी, पोटच्या पोरीचं लग्न त्या बैलांच्या मागे जुंपलं, आणि वर गाव म्हणालं, काय दिलदार माणूस आहे.

ज्यांनी जुन्नर-आंबेगावच्या बाजूची जत्रा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे घाट म्हणजे डोंगरातली वाट नव्हे. गावाबाहेर एक लांब चढण असते, दोन्ही अंगाला मातीचे बांध घातलेले. खालच्या टोकाला एका हलक्या, रिकाम्या गाड्याला चार बैल जुंपतात, दोन पुढे आणि दोन मागे, आणि सोडतात. बैल चढण चढून वर पोचले की झालं. एका वेळी एकच गाडा पळतो, तिला बारी म्हणतात. बारी म्हणजे एक श्वास घ्यायला आणि सोडायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. तेवढ्यासाठी माणसं आदल्या रात्री भाकरी बांधून येतात आणि पुढलं वर्षभर घसा बसेपर्यंत बोलतात. इतक्या कमी खेळावर इतकं जास्त बोलणं दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालत असेल असं मला वाटत नाही.

गाडा पाटलांचा होता. बैल पाटलांचे, वैरण पाटलांची, गाडा जिंकला तर पागोटंही पाटलांच्याच डोक्यावर. हार तेवढी सगळ्या गावाची. ही वाटणी कुणाला कधी खटकली नाही.

बापूजी या नादाला कसे लागले ते आईनं मला सांगितलं होतं. आमचे आजोबा मारवाडातून आले. गावात त्यांनी हयात काढली, गावच्या मयतींना खांदा दिला, प्लेगच्या साली गावाबरोबर रानात झोपडी घालून राहिले, पण गावानं त्यांना मरेपर्यंत ‘पावणं’ म्हटलं. बापूजी तर इथेच जन्मले. त्यांची भाषा गावची, शिव्यासुद्धा गावच्या. तरी तराजू हातात असला की ते शेठ आणि तराजू खाली ठेवला की पाहुणे. मग कुठल्याशा चैत्रात कुणीतरी त्यांना घाटावर ओढून नेलं. बैल सुटले, भंडारा उधळला, आणि बापूजी बाकीच्यांपेक्षा मोठ्यानं ओरडले. शेजारच्या माणसानं, ज्यानं त्यांना आयुष्यात कधी शिवलंसुद्धा नव्हतं, त्यांच्या गळ्यात हात टाकून म्हटलं, “आपला गाडा हाय शेठ, आपला.”

‘आपला’ हा शब्द बापूजींनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर त्यांना सोडवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

आता आमचा धर्म. घरात पाणी दोनदा गाळून घेत. सूर्य मावळला की चूल बंद. मुंगी दिसली तर आई पीठ टाकून तिला वाट दाखवी. आणि घाटात तर बैलांच्या शेपट्या पिळत, पराणी टोचत. बापूजींनी यावर सोपा तोडगा काढला होता. पराणी वर गेली की ते डोळे मिटायचे आणि बैल सुटले की उघडायचे. दिसली नाही ती हिंसा झाली नाही. जत्रेच्या आधी पाटलांच्या गोठ्यात बैलांना कोंबडीची अंडी पाजत, तेव्हा बापूजी भिंतीकडे तोंड करून बैलांच्या तब्येतीची चौकशी करत उभे राहत. चैत्रातली आमची आयंबिलाची ओळी, नऊ दिवसांचं व्रत, नेमकी जत्रेच्या दिवसांत येते. दिवसातून एकदा मिठाशिवायचं, तुपाशिवायचं अन्न. उपाशी पोटी, पिवळ्या भंडाऱ्यानं माखून, उन्हात दिवसभर ओरडणारा असा तपस्वी दुसरीकडे झाला नसेल.

आमचा गाडा मात्र हरायचा. नेमानं हरायचा. आणि तिथेच खरी मेख आहे. जिंकला असता तर लोकांनी गूळ खाल्ला असता आणि ते घरी गेले असते. हरल्यामुळे त्यांना वर्षभर पारावर बसायला काम मिळालं. घाटात दगड होता. समोरून लिंबू टाकलं होतं. पुढच्या डाव्या बैलानं गर्दीत कुणाची तरी तांबडी शाल बघितली. एकदा तर असंही निघालं की कुणीतरी बाई लांबून आडवी गेली. बाईनं घाटाजवळ यायचं नाही असा नियमच होता, त्यामुळे दोष द्यायला ती हाताशी असायचीच. नाचता येईना अंगण वाकडं, आणि आमच्या गावाला तर अंगण वाकडं आहे हे सिद्ध करण्यातच धन्यता वाटायची.

सगळ्यांत मोठं कारण म्हणजे पंच. तेव्हा घाटात घड्याळ नव्हतं. पंच तोंडानं आकडे मोजायचे, आणि ज्याला कमी आकडे लागले तो पहिला. आमच्या गाड्याला पंचांची जीभ भराभर चाले आणि ओढ्यापलीकडचं गाव पंचांची सासुरवाडी, त्या गावच्या गाड्याला तिला दम लागे. हे आमच्या गावाचं म्हणणं. सासुरवाडीचं म्हणणं अर्थात उलटं होतं.

हरल्यावर माणसं नवस बोलत. एकानं गाडा जिंकेपर्यंत दाढी न करण्याचा पण केला. एकानं पायात वहाण घालायची नाही असं ठरवलं. एकानं तंबाखू सोडली, ती संध्याकाळपर्यंत सुटलेली राहिली. एकजण सासऱ्याशी बोलेनासा झाला, पण त्याला ते तसंही हवंच होतं. आमचं गाव बघायला येणाऱ्या परक्या माणसाला वाटलं असतं की इथे काही मोठं दुःख कोसळलंय.

मी तेरावं ओलांडत होते. आंबेगावच्या एका दुकानदाराच्या मुलाशी माझं ठरलं होतं, अक्षय तृतीयेला लग्न. घरात पापड लाटायचं काम चालू होतं. त्या वर्षी जत्रेत आमचा गाडा नेहमीप्रमाणे हरला, आणि पलीकडच्या गावचा एकजण बापूजींना म्हणाला, “शेठ, तुमी कशाला त्वांड पाडून बसलाय? बैल पाटलाचं, गाव ह्येंचं. तुमी पावणं. तुमचं काय गेलं?”

बापूजींना आईवरून शिवी दिली असती तर ते हसले असते. ‘पावणं’ त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी मूठभर भंडारा उचलला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “आपला गाडा ह्या घाटात पयला येत न्हाई, तवर माझ्या दारात मांडव चढणार न्हाई.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. गावानं त्यांना खांद्यावर घेतलं. ज्या माणसाला आजवर कुणी ओट्यावर बस म्हटलं नव्हतं तो खांद्यावरून वाजतगाजत घरी आला. ‘ह्या घाटात’ म्हणजे वर्षातून एकदाच, हे त्यांच्या ध्यानात बहुधा वेशीपाशी आलं असावं, पण खांद्यावर बसलेल्या माणसाला मागे फिरता येत नाही.

आई पापड लाटत होती. तिनं विचारलं, “जिंकलं का?”

“न्हाई.”

“मग वाजाप कशापायी?”

बापूजींनी सांगितलं. आईनं लाटणं खाली ठेवलं. ते मुगाचे पापड आम्ही पुढल्या चातुर्मासात भाजून खाल्ले, आणि प्रत्येक पापड मोडताना आई बापूजींकडे बघायची.

नवस मोडायची वाट होती. चातुर्मासाला आलेल्या आमच्या साधूंना, महाराजसाहेबांना, बापूजींनी विचारलं. ते म्हणाले, बैलांच्या पळण्यावर घेतलेला नियम आपल्या धर्मात नियमच नव्हे, एक उपवास करा आणि मुलीचं लग्न लावा. बापूजी खिन्न होऊन परतले. मग ते खंडोबाच्या भगताकडे गेले. भगत म्हणाला, भंडारा हातात घेऊन बोललेलं फिरवलं तर कुळाला बाधतं. बापूजी तिथून हसतमुखानं आले. हवं ते उत्तर मिळेपर्यंत ते देव बदलत राहिले असते, दुसऱ्याच फेरीत काम झालं.

इकडे माझं नाव झालं. नदीवर बायका मला दाखवून सांगत, “हीच ती, गाड्याची नवरी.” बाजाराच्या दिवशी राजुरी, आणे असल्या गावांची माणसं गूळ घ्यायच्या निमित्तानं दुकानात डोकावत आणि गूळ न बघता मला बघत. एकानं बापूजींना विचारलं, “लेकीला काय वाटतं व्हो?” बापूजी छाती फुगवून म्हणाले, “ती काय बोलती? ती बी आपल्याच गाड्याची.” मला विचारायला आत यायची तसदी कुणी घेतली नाही, आणि घेतली असती तरी काय सांगायचं ते मला ठाऊक नव्हतं. रात्र रात्र मी रडायचे. तेराव्या वर्षी घरात राहिलेली मुलगी म्हणजे आमच्या समाजात दुकानात राहिलेला जुना माल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या वर्षी पाटलांना सुचलं की बैल घाटावर न्यायच्या आधी नवसाच्या मुलीनं त्यांना ओवाळावं. बाईनं घाटाजवळ जायचं नाही, पण घाट तिच्या दाराशी आला तर चालतो. मी तबक घेऊन ओट्यावर उभी राहिले. चार बैल, शिंगांना रंग, अंगावर झुली. तीन बैल माझ्याकडे बघायलासुद्धा तयार नव्हते. पुढच्या डाव्यानं मात्र मान खाली केली आणि तबकातले तांदूळ खाल्ले. त्याच्या मानेवर जुवाचा घट्टा पडला होता, एके ठिकाणी सोललं होतं. मी तबकातली हळद तिथे लावली. त्यानं कातडी थरथरवली, पण हलला नाही.

मग सगळे गेले आणि मी माळवदावर चढले. तिथून घाट दिसत नव्हता, नुसती धूळ दिसायची, आणि वारा इकडचा असला की पंचांचे आकडे ऐकू यायचे. आमच्या बारीला ते कधी सुरू झाले ते कळलं. मी मनात बैलांना शिव्या देणार होते, तसं ठरवूनच वर आले होते. पण आकडे वाढायला लागले तशा माझ्या मुठी वळल्या, आणि मी ओठांतल्या ओठांत म्हणत होते, चल, चल, चल. गाडा हरला. मी जेवले नाही. आईला वाटलं लग्न लांबलं म्हणून. मीही तिला तसंच वाटू दिलं.

तिसऱ्या वर्षापर्यंत मी पक्की तयार झाले होते. मागच्या उजव्याचा खूर दुखावला की मला झोप लागायची नाही. पंचांच्या जिभेविषयी मी पारावरच्या कुणाही म्हाताऱ्याइतकं बोलू शकत होते, फक्त माझा पार म्हणजे चूल होती आणि ऐकायला धाकटी बहीण. ती सहा वर्षांची. तिला कळायला लागल्यापासून घरात गाडा, नवस आणि मी एवढेच विषय होते. ती चार शेंगा चिंचोक्यांना बांधून शर्यत लावायची. एकदा तिनं मला विचारलं, “ताई, तुला समदी बघत्यात. मला कधी बघतील?” मी हसले होते.

आणि त्या तिसऱ्या जत्रेच्या आधी, माघात, आंबेगावहून निरोप आला. मुलगा वयात आला होता, त्यांनी दोन वर्षं थांबून चांगुलपणा दाखवला होता. या अक्षय तृतीयेला लग्न, नाहीतर मंचरची एक मुलगी बघून ठेवली आहे. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आई त्या दिवशी बापूजींना एवढंच म्हणाली, “लष्कराच्या भाकऱ्या तुमी भाजताय, पण हात तिचा जळतोय.” बापूजी म्हणाले, औंदा नक्की. हे ‘औंदा नक्की’ मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थ मला ‘नाही’ असाच वाटायला लागला होता.

जत्रेच्या दिवशी मी बैलांना ओवाळलं आणि माळवदावर गेले. गाड्यांमागून गाडे पळत होते. सासुरवाडीचा गाडा पळाला, आणि त्या वेळी पंचांची जीभ इतकी निवांत चालली की मला वाटलं ते मध्येच पान खाताहेत. मग आमची बारी आली. धूळ उठली. आकडे सुरू झाले, भराभर, नेहमीसारखे. आणि मधेच थांबले.

पुढे कळलं ते असं. पंचांच्या तोंडात तंबाखू होती, धूळ उडाली, आणि त्यांना ठसका लागला. ते पाठीवर थापट्या घेत खोकत होते तेव्हा आमचे बैल वर पोचले होते. डोळ्यांतलं पाणी पुसून त्यांनी राहिलेला एक आकडा म्हटला, आणि आमचा गाडा पहिला आला. देव पावतो तो असा.

आजवर प्रत्येक हारीनंतर आकड्यांची चिरफाड करणाऱ्या आमच्या गावानं त्या दिवशी आकड्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. पलीकडच्या गावानं काढलं, तर आमचे लोक म्हणाले, पंच म्हणजे देव, त्याच्यावर संशय घेणारी तुमची जात कसली.

मी माळवदावर नाचत होते. पदर कुठे, वेणी कुठे, काही भान नव्हतं. आपण जिंकलो, आपण जिंकलो, एवढंच. आता माझं लग्न होणार हे मला जिना उतरताना, अर्ध्यावर आल्यावर आठवलं.

मिरवणूक थेट आमच्या दाराशी आली. बैल पुढे, पाटील मागे, दाढीवाला एव्हाना न्हाव्याकडे अर्धी दाढी उतरवून आलेला, आणि मधे बापूजी, डोक्यापासून पायापर्यंत पिवळे, रडत होते. त्यांना असं रडताना मी आधी पाहिलं नव्हतं. माझी गळाभेट घ्यायला येतील असं मला वाटलं. ते पुढच्या डाव्या बैलाच्या गळ्यात पडले.

पाटील ओट्यावर चढले आणि म्हणाले, “मंडळी, ह्यो गाडा बैलांनी न्हाई पळवला. शेठच्या नवसानं पळाला. लेकीचं लगीन पणाला लावणारा मानूस कुठं बघितला का?” चांगभलंचा गजर झाला. तो विरायच्या आत ते पुढे म्हणाले, “तवा शेठ, आता पुढच्या सालचं बघा. थोरलीचा मांडव आमी गाववालं घालतो. पर अजून धाकटी हाय की. तिचं नाव घ्या आन उचला भंडारा. चार-पाच सालं घाट आपलाच.”

कुणीतरी बापूजींच्या हातात भंडारा दिला. बापूजी त्याकडे बघत राहिले. तो चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता, पण त्यावरचा भाव मी ओळखला. खांद्यावर उचललं जाण्याआधीचा तो चेहरा असणार. ते नाही म्हणणार नव्हते.

तेव्हा आई दारात आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. गावच्या पुरुषांसमोर ती कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, “पाटील, तुमचा थोरला बी लग्नाचा झालाय न्हवं? बैल तुमचं, गाडा तुमचा. ह्या खेपेला त्येचंच नाव घ्या. आमी नवसाला नारळ देतो.”

कुणी पाटलांकडे बघेना. पाटलांनी बैलांकडे बघितलं आणि म्हणाले, “जनावरं तहानली असतील. पानी दावायचं राह्यलंय.” मागच्या रांगेतली माणसं पांगायला लागली. मला आईच्या पाया पडावंसं वाटलं.

पण धाकटी माझ्या मागून पुढे आली. तिनं ओट्याच्या कडेला जाऊन बापूजींचा भंडाऱ्याचा हात धरला आणि मोठ्यानं म्हणाली, “बापूजी, घ्या माझं नाव. मला चालंल. ताईसारकी मी बी ऱ्हाती.”

गर्दी पुन्हा वळली. कुणीतरी “वा रं वाघीण” म्हणालं. पाटलांच्या तोंडावर हसू आलं. बापूजींचा हात वर जायला लागला. ती माझ्याकडे बघून हसत होती, अगदी खुशीत, आता मला सगळे बघताहेत असं.

मी तिच्या थोबाडीत दिली. इतक्या जोरात की ती खाली बसली. बापूजींच्या हातातला भंडारा ओट्यावर सांडला. मी तिला ओढत आत नेलं आणि दाराला कडी घातली. बाहेर कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही, कारण ती मोठ्यानं रडत होती आणि मीही.

अक्षय तृतीयेला माझं लग्न झालं. धाकटी तोवर माझ्याशी बोलली नाही. पाठवणीच्या वेळी गाडीत बसताना मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं तोंड फिरवलं.

पुढल्या चैत्रात आमचा गाडा हरला. आंबेगावला निरोप आला तेव्हा मी ताक घुसळत होते, आणि लाज वाटते सांगायला, घुसळणं थांबलं. त्या सालच्या हारीला पारावर नवीन कारण शोधावं लागलं नाही. भंडारा सांडला म्हणून गाडा हरला, आणि भंडारा माझ्या हातानं सांडला. माझ्या बहिणीला आता नातवंडं आहेत. तिचं लग्न वेळेवर झालं, घर चांगलं मिळालं. अजूनही चैत्र आला की ती नातवंडांना जवळ घेऊन सांगते की तिच्या ताईनं एक थोबाडीत मारून गावचा घाट घालवला. बापूजी होते तोवर हे ऐकायला बसायचे. माझ्यादेखत एकदा तिनं हे सांगितलं, तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली, आणि तिला नाही म्हटलं नाही.